कासवाचा उपास

धनेश विशेला 'नाही' म्हणता येत नसे. मुरबाडच्या एका शाळेत तो लिपिक होता, आणि शाळेतलं जे काम कुणाचंच नसे ते त्याचं असे, ते याच कारणामुळे. निरोपसमारंभाच्या पताका चिकटवणं, मुख्याध्यापकांच्या मेहुण्याचे झेरॉक्स काढणं, प्रमुख पाहुण्यांची चप्पल कुत्र्याने पळवली तर कुत्र्यामागे धावणं, हे सगळं विशेंकडे. त्यामुळे प्रयोगशाळा सहायक हेमंतची बदली संस्थेच्या शहापूरच्या शाळेत झाली आणि त्याने विचारलं, "विशे, माझं कासव ठेवाल का हो तुमच्याकडे?" तेव्हा धनेशच्या तोंडून "ठेवू की, त्यात काय" हे आपोआप बाहेर पडलं. (कासव केवढं, कसलं आणि काय खाणारं, हे प्रश्न त्याला घरी जाताना एसटीत पडले.)

हेमंतची अडचण खरी होती. शहापूरला तो सासुरवाडीत राहणार होता, आणि त्याच्या सासूबाईंना पालीसकट कुठलाही सरपटणारा प्राणी घरात चालत नसे. धनेशनेही मनाशी हिशेब केला तो काही वाईट नव्हता. कुत्रा भुंकतो, मांजर दूध पितं, पोपट पाहुण्यांसमोर नको ते बोलतो. कासव यातलं काहीच करत नाही. म्हणजे ते पाळायचं म्हणजे जवळजवळ न पाळण्यासारखंच.

शुक्रवारी संध्याकाळी मुरबाडच्या स्टँडवर हेमंत एक निळा प्लास्टिकचा टब घेऊन आला. टबात चार बोटं पाणी, पाण्यात तळहाताएवढं हिरवट कासव, डोळ्यांच्या मागे दोन्ही बाजूंना लालभडक पट्टा. सोबत एक झाकणाची बरणी, जवळ्याने गच्च भरलेली. वाळवलेला, साफ केलेला, एकसारखा जवळा, म्हणजे अगदी बारीक सुकी कोळंबी. जाताजाता मित्र आठवण ठेवून सुकट देतो, या विचाराने धनेशला गहिवरून आलं.

धनेशच्या घराकडे जाणाऱ्या धसईच्या गाडीच्या कंडक्टरने मात्र टबाकडे बोट दाखवलं. "पाणी घेऊन नाय चढायचं. गाडीत बाया बसल्यात, साड्या भिजतील."

धनेशला 'नाही' म्हणता येत नव्हतं. त्याने पाणी स्टँडवरच ओतून दिलं आणि कोरड्या टबात कासव घेऊन खिडकी पकडली. गाडी सुरू झाली तसा हेमंत खिडकीबरोबर धावत बरंच काही सांगू लागला. इंजिनच्या आवाजात धनेशला त्यातले 'रोज', 'थोडं थोडं' आणि 'पाणी' एवढेच शब्द कळले. तो "हो, हो, कळलं" म्हणत हात हलवत राहिला.

घरी कुणी नव्हतं. आई आणि बायको योगिनी एका साखरपुड्याला गेल्या होत्या, जेवूनच यायच्या होत्या. टोपलीत सकाळच्या भाकऱ्या होत्या, समोर बरणी होती. धनेशने कांदा चिरला, मिरच्या मोडल्या, तव्यावर जवळा परतला आणि एका बैठकीत बरणी संपवली. मीठ जरा कमी होतं, पण मित्राने प्रेमाने दिलेल्या वस्तूत मीठ बघायचं नसतं. तो जेवत होता तेवढा वेळ कासव टबाच्या कडेवर पुढचे पाय टेकवून, मान होती नव्हती तेवढी बाहेर काढून त्याच्याकडे एकटक बघत होतं. नवीन घर आवडलेलं दिसतंय, असं वाटून धनेशला बरं वाटलं.

पुढचे बरेच दिवस ते त्या घरातलं शेवटचं सुकट ठरणार होतं, हे त्या वेळी एका कासवाला सोडून कुणालाच कळलं नव्हतं.

आई, म्हणजे गिरजाबाई, साखरपुड्याहून आल्या. टबात डोकावल्या आणि त्यांनी एकदम हात जोडले.

"धन्या, हा कुठं गावला तुला?"

"मित्राने दिला. कासव आहे."

"कासव हाय ते दिसतंय मला. कुंकू बग त्याचं! जन्मताच कुंकू लावून आलाय."

धनेश म्हणाला की तो त्या जातीचा रंग असतो. पण गिरजाबाईंनी उभ्या आयुष्यात जवळून पाहिलेलं कासव एकच होतं, आणि ते गावच्या महादेवाच्या देवळात, नंदीच्या पुढ्यात, दगडाचं होतं. कासवाने कसं राहावं याची त्यांची सगळी कल्पना त्या कासवावरून आलेली. ते कोरड्या फरशीवर असतं, देवाकडे तोंड करून असतं, आणि त्याच्या पाठीवर हळदकुंकू असतं. तेव्हा त्यांनी देवघरासमोर पाट मांडला, पाटावर लाल कापड घातलं, त्यावर कासव ठेवलं आणि त्याचं तोंड देवाकडे केलं. हळदीला बरणी हवी होती, ती ओट्यावर रिकामी आयतीच मिळाली. टब मागच्या पडवीत वाल सोलायला गेला.

कासवाने थोडा वेळ देवाकडे पाहिलं आणि ते पडवीच्या दिशेने वळलं. गिरजाबाईंनी ते परत देवाकडे वळवलं. हे पुढे नऊ दिवस चाललं. घरातून येताजाता प्रत्येकाने कासवाचं तोंड सरळ करायचं, अशी शिस्तच पडली.

पहिल्या दिवशी नैवेद्य म्हणून वरणभात ठेवला. कासवाने ढुंकूनही पाहिलं नाही. दुसऱ्या दिवशी मुळ्याचा पाला. तिसऱ्या दिवशी काकडीच्या चकत्या. मग हरभऱ्याचा पाला, वालाचे दाणे, दुधी किसून, दुधी न किसता. संक्रांतीला तीळगूळ. कासव तोंड मिटून बसलेलं. बरं, देवापुढचं अन्न टाकायचं नाही, म्हणून कासवाने नाकारलेला जिन्नस दुसऱ्या दिवशी धनेशच्या डब्यात जाई. शाळेत चार दिवस असले डबे पाहून मुख्याध्यापकांनी त्याला बाजूला घेतलं आणि घरी सगळं ठीक आहे ना, असं हळूच विचारलं.

पण खरा घाव वेगळाच होता. तिसऱ्या दिवशी योगिनीने बोंबील भिजत घातले, तेव्हा गिरजाबाईंनी ते पातेलं तिच्या हातून काढून घेतलं.

"देव घरात उपाशी बसलाय आन आपण बोंबील खावाचं? तो जेवंपर्यंत या घरात मासळी शिजायची नाय."

"आणि नाहीच जेवला तर?" धनेशने विचारलं.

"असं अभद्र बोलू नको. देव घरात उपाशी मेला, तर मंग मी हाय तवर मासळीचा वाससुद्धा या दारात यायचा नाय."

मासळीची भांडी राखेने घासून माळ्यावर चढली. गिरजाबाईंची प्रकृती ठणठणीत होती आणि त्यांची आई चौऱ्याण्णव वर्षं जगली होती. धनेशने बोटांवर आकडेमोड केली आणि त्याला कासवाच्या तब्येतीची मनापासून काळजी वाटू लागली.

हेमंतला एक फोन केला असता तर सगळं सुटलं असतं. पण हेमंत रोज सकाळी मेसेज करी, 'कसं आहे आमचं बाळ?' आणि पहिल्या दिवशी धनेशने उत्तर पाठवलं होतं, 'मजेत! खातंय-पितंय!' दुसऱ्या दिवशीही तेच पाठवलं. तिसऱ्या दिवशी खरं सांगायचं म्हणजे आधीच्या दोन दिवसांचंही सांगावं लागलं असतं. तेव्हा तो रोज नुसता अंगठा पाठवू लागला.

इकडे गावात बातमी पसरली. बायका कासवाला बघायला येऊ लागल्या, हळदकुंकू वाहू लागल्या. सल्ले तर इतके आले की सांगता सोय नाही. शेजारचा नथू एवढंच म्हणाला, "आमच्या हिरीत होता एक कासव. पानी साफ ठेवायचा. पान्यात सोडा त्याला, बगा कसा खाईल."

"आरं, देवाला हिरीत ढकलू?" गिरजाबाई कडाडल्या. "तो तुझा पान्यातला. ह्यो देवळातला हाय. देवळातला कासव कदी पोहताना बगितलास?"

नथूने खरोखरच कधी बघितला नव्हता. तो आपल्या घरी गेला.

सातव्या दिवशी समोरच्या राहीवहिनींच्या म्हशीला सुई द्यायला गुरांचे डॉक्टर आले होते, त्यांना धनेश हाताला धरून घरी घेऊन आला. डॉक्टरांनी कासव हातात घेतलं, उलटं केलं, सुलटं केलं.

"शेण कसं टाकतो?"

"टाकतच नाय," योगिनी म्हणाली.

"रवंथ?"

"डॉक्टर, त्यो तोंडच उघडत नाय."

डॉक्टरांनी कवचाला स्टेथोस्कोप लावला आणि बराच वेळ डोळे मिटून ऐकलं. "काहीच ऐकू येत नाही."

गिरजाबाईंनी पदर तोंडाला लावला. "म्हंजे गेला?"

"म्हणजे कवच जाड आहे." डॉक्टरांनी बॅगेतून भुकेच्या चूर्णाची पुडी काढली. "म्हशीला हे मूठभर देतो. याला…" त्यांनी कासवाकडे पाहिलं, मग पुडीकडे पाहिलं. "याला नुसता वास द्या. खरं सांगू का विशे, मी म्हशींचा माणूस आहे." आणि चहा घेऊन ते निघून गेले. त्यांचा प्रामाणिकपणा धनेशला आवडला, पण त्याने पोट भरणार नव्हतं, ना त्याचं ना कासवाचं.

आठव्या दिवशी कासवाचे डोळे सुजले. सकाळी तोंड सरळ करायला म्हणून धनेशने ते उचललं, तर ते आणलं होतं त्यापेक्षा हलकं लागलं. पाय ताणून हवेत मारत नव्हतं, नुसतं पडून होतं. तेव्हा मात्र सुकट बाजूला राहिलं. एका मित्राने विश्वासाने दिलेला जीव आपल्या हातात संपत चालला आहे आणि आपण रोज त्याला नुसता अंगठा पाठवतो आहोत, याची त्याला लाज वाटली. त्याने ठरवलं, उद्या रविवारी हेमंतला सगळं खरं सांगून टाकायचं.

(हा निश्चय त्याने सकाळी केला. दुपारी शाळा सुटल्यावर मुरबाडच्या बाजारातून जाताना सुकटवालीने हाक मारली, आणि धनेशला 'नाही' म्हणता येत नाही हे वर सांगितलंच आहे.)

पाव किलो जवळा जेवणाच्या रिकाम्या डब्यातून घरी आला. "आज डबा मी घासतो," असं तो म्हणाला, तेव्हा योगिनी त्याच्याकडे बघतच राहिली.

"बरं वाटतंय ना तुमाला?"

"बायकोला मदत केली तर माणूस आजारी असतो का?"

"तुमी असता," योगिनी म्हणाली आणि कामाला लागली.

रविवारी दुपारी राहीवहिनींकडे संक्रांतीचं हळदीकुंकू होतं. गिरजाबाई आणि योगिनी नटूनथटून निघाल्या. जाताना गिरजाबाईंनी बजावलं, "देवाला सोडून कुटं जाव नको. तोंड फिरवलान तर सरळ कर."

दार लागलं तसा धनेश पडवीत पळाला. माळ्यावरची भांडी काढली तर परत राखेने घासून चढवावी लागली असती, म्हणून त्याने वालाची टरफलं झटकून तो निळा टबच घेतला. चुलीवर अंघोळीचा हंडा होताच, त्यातलं कोमट पाणी टबात ओतलं आणि जवळा भिजत घातला. चुलीवर तवा चढवला. मग त्याला आठवलं, की देवाला सोडून जायचं नाही असं आईने सांगितलंय. तो कासवाला उचलून पडवीत घेऊन आला आणि भिंतीकडे तोंड करून ठेवलं. त्याच्या देखत जवळा खायला मन धजेना.

कासव वळलं आणि टबाकडे बघू लागलं. धनेशने त्याला भिंतीकडे केलं. ते पुन्हा वळलं. सुजलेल्या डोळ्यांनी त्याला दिसत असेल-नसेल, पण मान लांब करून ते टबाच्या दिशेने दोन पावलं चाललंसुद्धा. नऊ दिवसांत ते पहिल्यांदा आपणहून चाललं होतं. धनेशचा एक हात कांद्यावर आणि दुसरा कासवावर, अशी कसरत चालू असतानाच पुढच्या दारातून आवाज आला.

"धन्या, आमी आलो रे! राहीच्या भावजयीला देव बगायचाय, मुद्दाम आल्यात त्या!"

आणि मागोमाग पाच-सहा बायकांच्या बांगड्या.

माणूस चार सेकंदांत काय करू शकतो? तवा त्याने चुलीमागे सरकवला. कांदा खिशात घातला. टब मात्र कुठे लपणार? पाण्याने भरलेला, वर जवळा तरंगतोय. धनेशने डोळे मिटले आणि कासव उचलून जवळ्यावर ठेवून दिलं.

गिरजाबाई पडवीच्या दारात उभ्या होत्या. "काय करतंस रे?"

"अंघोळ," धनेश म्हणाला. "देवाला अंघोळ घालतोय."

"या थंडीत? आधीच मरायला टेकलाय त्यो! काढ, काढ त्याला भाईर!"

धनेशने हात घातला, आणि तसाच थांबला. टबात कासवाने मान बाहेर काढली होती. एवढी मान त्याला आहे हे धनेशशिवाय घरात कुणाला ठाऊकच नव्हतं. त्याने ती पाण्यात बुडवली, तोंड उघडलं आणि खपकन मिटलं. मग पुन्हा उघडलं. मग पाय मारत ते टबाच्या दुसऱ्या टोकाला गेलं आणि तिथला जवळा मटकावू लागलं.

राहीवहिनी भावजयीच्या खांद्यावरून टबात डोकावल्या.

"आई गो," राहीवहिनी म्हणाल्या, "खातंय!"

गिरजाबाईंच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. त्यांनी तिथेच शेणाने सारवलेल्या जमिनीवर डोकं टेकलं. बायकांनी एकमेकींना कुंकू लावलं. योगिनी मात्र टबावर वाकली, तिने एकदा वास घेतला आणि सरळ उभी राहिली.

"आई, हा जवळा हाय."

सगळ्या बायका धनेशकडे बघू लागल्या. खिशातल्या कांद्याने त्याच्या डोळ्यांना धार लागली होती, ती एका परीने कामी आली.

"मला… मला पहाटे स्वप्न पडलं," तो म्हणाला. "कासव आलं स्वप्नात. म्हणालं, धनेश, मला पाण्यात ठेव आणि जवळा दे. बोलायचं नव्हतं मला. असलं बोलू नये."

काय सांगावं! गिरजाबाईंनी लेकाच्या गालांवरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडली. "माज्या धन्याला दृष्टांत झाला गो!" राहीवहिनींची भावजय पुढे आली आणि धनेशच्या पाया पडली. मागच्या दोघींनीही तिचं पाहून तेच केलं. आयुष्यात प्रथमच धनेशला कुणी काम न सांगता मान देत होतं. त्याने आशीर्वादाला हात वर केला. (हाताला कांद्याचा वास येत होता, पण भक्तांनी तिकडे लक्ष दिलं नाही.) आत कुठेतरी त्याला खरंच आनंद झाला होता. कासव जगणार होतं, आणि माळ्यावरची भांडी आज खाली येणार होती.

"कुठल्या कुशीवर झोपला होतात?" योगिनीने हळूच विचारलं. मग म्हणाली, "जाऊ दे. हेमंतभावजींना कळवते. बिचारे रोज इचारतात."

"मी कळवतो ना नंतर!" धनेश म्हणाला. पण योगिनीने फोन लावलासुद्धा, आणि सगळ्यांना ऐकू जावं म्हणून स्पीकर चालू केला.

"भावजी, गोड बातमी! तुमच्या कासवाने आज पयल्यांदा खाल्लं!"

पलीकडून हेमंत ओरडलाच. "पहिल्यांदा? वहिनी, पहिल्यांदा म्हणजे? विशे तर रोज अंगठा पाठवत होते! मग नऊ दिवस त्याने खाल्लं काय? मी बरणीभर खाऊ दिला होता त्याचा!"

"कसला खाऊ?"

"जवळा हो! तीनदा धुऊन, खारटपणा काढून वाळवलेला. दोन महिने पुरला असता. रोज थोडा थोडा, टबातल्या पाण्यात टाकायचा. पाण्याबाहेर त्याला गिळता येत नाही. एसटीबरोबर धावत धावत सगळं सांगितलं होतं मी विशेंना! ते म्हणाले, हो, हो, कळलं!"

पडवीत फक्त टबातला आवाज येत होता. खप्. खप्. राहीवहिनींच्या भावजयीने पाया पडताना खाली राहिलेला पदर उचलून खांद्यावर घेतला. गिरजाबाई घरात गेल्या आणि हळदीची बरणी घेऊन आल्या. झाकण उघडून त्यांनी हळदीखालचा वास घेतला.

"धन्या," त्या म्हणाल्या, "ह्या बरणीतलं काय झालं?"

"मीठ कमी होतं," धनेश म्हणाला. (दुसरं काही त्याला सुचलंच नाही.)

त्या संध्याकाळी माळ्यावरची भांडी खाली आली. देव जेवला होता, त्यामुळे बोलल्याप्रमाणे मासळी सुरू झाली. बोंबलाचं कालवण झालं, त्याचा वास शेजारी नथूच्या घरापर्यंत गेला, आणि नथूला एक वाटी पाठवण्यातही आली, कारण पाण्याचं त्याने पहिल्यांदा सांगितलं होतं. कासवाचा मुक्काम पडवीतल्या टबात हलला. उरलेला जवळा साफ करून, धुऊन, वाळवून त्याच्या नावाने बरणीत भरला गेला, आणि त्या बरणीला बोट लावायचं नाही हे धनेशला दोनदा सांगण्यात आलं.

देवघरासमोरचा पाट मात्र गिरजाबाईंनी उचलला नाही. देवाच्या तोंडचा घास खाल्ला, वर देवाच्या नावाने खोटं स्वप्न सांगितलं, त्याचं महिनाभर प्रायश्चित्त. त्यांनी धनेशला पाटावर बसवलं, पुढ्यात मुळ्याचा पाला आणि वरणभात वाढला. आतून कालवणाचा भुरका ऐकू आला, पडवीतून खप् खप् ऐकू आलं. धनेशने हळूच मान काढून स्वयंपाकघराकडे वळून पाहिलं.

योगिनी हातात बोंबलाचं पातेलं घेऊन तिथूनच चालली होती. नऊ दिवसांच्या सवयीने तिने मोकळ्या हाताने त्याला खांद्याला धरलं, त्याचं तोंड देवाकडे सरळ केलं आणि ती पुढे गेली.